अनुभव धागा: वाटण्या, वारस आणि मृत्युपत्र. तुमच्या घरात काय झालं?

नाशिकच्या कडेची मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी फाटा. काल-परवापर्यंत मळे होते तिथे प्लॉट पडले, आणि आजोबांच्या नावावर पडून राहिलेल्या सातबाऱ्याला एकदम वारस फुटायला लागले. घरात मृत्युपत्राचा विषय काढला की ‘मला पोचवायची घाई झालीय का?’ हे ठरलेलं. म्हणून इथे लिहा, काय केलंत, कुठे अडलं. नावं आणि गट नंबर टाकू नका.

निफाडकर
साडेचार एकर द्राक्षबाग. वडील गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण जिभेवर तलाठीच येतं). गावातल्या एका जाणत्याने सांगितलं, बहिणींची नावं लावूच नका, लग्नात दिलंय की सगळं. मोठ्या भावाने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि आई, आम्ही दोघे, दोघी बहिणी अशी पाचही नावं अर्जात लिहिली. फेरफाराची नोटीस निघाली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली.

मग बसून बोललो. सिन्नरच्या बहिणीने हक्कसोडपत्र केलं, दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करून. घरच्या घरी स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या सह्यांवर जमिनीतला हक्क सुटत नाही. चांदवडची नाही म्हणाली. तिचा नवरा गेलाय, दोन मुलं शिकतायत, तिचं बरोबरच होतं. तिला रस्त्याकडचे २० गुंठे आणि उरलेल्या हिश्शाचे पैसे दोन हंगामांत द्यायचं ठरलं. बागायतीला १० गुंठ्यांची मर्यादा असल्यामुळे तुकडेबंदी (मर्यादेहून लहान तुकडे पाडायला कायद्याची मनाई) आडवी आली नाही. मोजणीच्या दिवशी तिच्या हद्दीत आलेले मांडवाचे अँगल भावाने स्वतः उपटून काढले, तारा गुंडाळून तिच्या बांधावर ठेवल्या. ‘या पण तुझ्याच’ म्हणाला.

नाशिकरोडची_लेक
निफाडकर, भाऊ चांगले आहात. पण सिन्नरच्या ताईंना कधी एकटं गाठून विचारा, मनापासून सोडलं की माहेर तुटू नये म्हणून? मी सही केली ती यातल्या दुसऱ्या कारणाने. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मिटवला: गरज नाही. कायदा पक्का आहे हो, पण भाऊबीजेला कायदा घेऊन जाता येत नाही.

सिडकोकर
वडिलांच्या एफडीला आणि सोसायटीत फ्लॅटलाही नॉमिनी मी. धाकट्याला वाटलं मी सगळं गिळलं, मामांनाही तेच वाटलं. नॉमिनी म्हणजे ताब्यात घेऊन वारसांना पोचवणारा, मालक नव्हे. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. एफडी मोडून निम्मे पैसे त्याच्या खात्यात टाकले तेव्हा कुठे तो बोलायला लागला. जुन्या कागदी शेअर्सना मात्र नॉमिनीच नव्हता. त्यासाठी दिवाणी न्यायालयातून वारसाहक्काचा दाखला काढावा लागला. तारखा, पेपरात जाहीर नोटीस, कोर्ट फी, सगळं आलं. शेअर्सची किंमत पाहता चिडचिडच जास्त झाली.

पंचवटीकर
आमचा वाडा. प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबा. पुढचं विचारू नका.

पाथर्डीफाटा
माझं लिहिणं जरा वेगळं आहे. नवरा चाळिशीच्या आत गेला, मृत्युपत्र नाही. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. मला वाटत होतं आता घर माझं आणि मुलीचं. वकिलांनी सांगितलं, हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस. म्हणजे मी, मुलगी, सासूबाई, तिघींना एकेक तृतीयांश. सासरे दुसऱ्या वर्गात, त्यांना काही नाही. सासूबाईंनी स्वतःहून त्यांचा हिस्सा नातीला बक्षीसपत्राने दिला. पण आता फ्लॅट विकायचा तर मुलगी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, तिच्या हिश्शासाठी कोर्टाची परवानगी हवी. दोन ओळींचं मृत्युपत्र असतं तर हे काही लागलं नसतं. तरुणांनो, हे फक्त म्हाताऱ्यांचं काम नाही.

गंगापूररोड_आजी
वय ७४. मुलगा म्हणाला, आई, बक्षीसपत्रच कर, मुलांना द्यायचं तर मुद्रांक फक्त २०० रुपये. खरंय. पण बक्षीसपत्र झालं की घर आजच त्याचं. मृत्युपत्र मी उद्या सकाळीही बदलू शकते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळलं नाही तर दिलेलं परत मागता येतं. पण सांभाळण्याची अट कागदातच लिहून घ्या असं वकीलबाई म्हणाल्या, आणि पोटच्या पोराला अट घालायला माझं मन होईना. मग मृत्युपत्र. नोंदणी सक्तीची नाही, तरी केली. डॉक्टरांचं ‘शुद्धीत आहेत’ असं पत्र जोडलं. दागिन्यांची यादी वेगळी, पाटल्या कोणाला, ठुशी कोणाला, सगळं. सुनेने यादी वाचली आणि ठुशीवर थोडी वादावादी झाली, पण मी बदलली नाही.

सिडकोकर
आजी, साक्षीदार कोण घेतले?

गंगापूररोड_आजी
वरच्या मजल्यावरचं जोडपं, पस्तिशीतलं. मैत्रिणी तयार होत्या सह्या करायला, पण त्या माझ्याआधी गेल्या तर कोर्टात कोण येणार?