शब्दचर्चा: ‘पेगन’ला मराठीत काय म्हणायचं?

एक भाषांतर हातात घेतलंय, रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म कसा पसरला त्यावरचं, आणि दर दुसऱ्या परिच्छेदात ‘पेगन’ येतोय, म्हणजे ख्रिस्ती न होता जुने देव मानत राहिलेले लोक. आधी सरळ ‘मूर्तिपूजक’ लिहीत गेलो, पण एका ठिकाणी ‘सूर्याची उपासना करणारे मूर्तिपूजक’ असं झालं आणि मलाच हसू आलं, शिवाय कॅथलिक चर्चमध्ये पुतळे असतातच की, मग नेमका फरक कुठला दाखवतोय आपण? ‘पाखंडी’ म्हटलं तर शिवी होते. ‘अख्रिस्ती’त ज्यूही येतात. शब्द सुचवा.

दुसरं म्हणजे लेखकाचा सूर असा की नाताळ, ईस्टर हे सगळे मुळात पेगन सण. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून हे खरंच सांगता येतं का?

---

पेगन हा मुळात शिवीसारखाच शब्द आहे, त्यामुळे सभ्य प्रतिशब्द सापडणार नाही. लॅटिनमध्ये ‘पागुस’ म्हणजे खेड्यांचा मुलूख, ‘पागानुस’ म्हणजे तिथला, थोडक्यात गावंढळ. सैनिकांच्या बोलीत ‘फौजेत नसलेला’ असाही अर्थ होता. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोक हा शब्द जुने देव न सोडणाऱ्यांना लावायला लागले. शहरं आधी बाटली आणि खेडी मागे राहिली म्हणून, की ‘आपल्या फौजेतला नाही’ म्हणून, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. इंग्रजी ‘हीदन’ पण त्याच वळणाचा, त्याचा संबंध ‘हीथ’शी म्हणजे माळरानाशी लावतात.

मुद्दा असा की स्वतःला पेगन म्हणवून घेणारं त्या काळी कोणी नव्हतंच, बिचारे आपापल्या देवाला बोकड कापत होते, त्यांना कुठे माहीत आपण एका ‘धर्मा’चे आहोत ते.

आणि पाखंडीवरून आठवलं, त्याचं उलटं झालंय. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, राजा सगळ्या पासंडांचा मान राखतो असं त्यात आहे. नंतर घसरत घसरत तो पाखंड झाला.

---

ईस्टर = इश्तार, बॅबिलोनची देवी. अंडी, ससे, सगळं तिचंच. दर एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपवर येतं की.

---

येतं खरं, पण चूक आहे. इश्तार आणि ईस्टर यांचा आवाज जुळतो एवढंच, नातं काही नाही. ही जोडी लोकांच्या डोक्यात बसवली ती मुख्यतः अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने, एकोणिसाव्या शतकात. आणि गंमत बघा, त्याला ख्रिस्ती धर्म खोटा ठरवायचा नव्हता, त्याला फक्त कॅथलिकांना पेगन ठरवायचं होतं. आज तेच फॉरवर्ड नास्तिक मंडळी करतात.

इंग्रजी शब्दाचा खरा धागा वेगळा आहे. बीड नावाच्या इंग्लिश मठवासीने 725 मध्ये कालगणनेवर लिहिताना सांगितलंय की आमचे पूर्वज एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला ‘एओस्तुरमोनाथ’ म्हणायचे, एओस्त्रे नावाच्या देवीवरून. बस, एवढंच. पुढे जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने 1835 मध्ये त्यावरून जर्मन ‘ओस्तारा’ देवी उभी केली. बीडने देवी मनानेच रचली असंही बरेच म्हणायचे, पण 1958 मध्ये जर्मनीत मॉर्केन-हार्फजवळ ‘आउस्ट्रियाहेने’ नावाच्या मातृदेवतांचे दीडशेच्या वर रोमनकालीन लेख सापडले, तेव्हापासून तो आरोप जरा सौम्य झालाय. सशाचा मात्र बीडमध्ये पत्ता नाही.

आणि समजा देवी खरी होती, तरी काय सिद्ध होतं? महिन्याचं नाव सणाला चिकटलं. इंग्रजी-जर्मन सोडून युरोपात बऱ्याच ठिकाणी ‘पास्का’च्या घराण्यातला शब्द आहे, पोर्तुगीजमध्ये ‘पाश्कोआ’, कोकणीत ‘पास्क’. तो येतो ‘पेसाह’ या ज्यू सणाच्या हिब्रू नावावरून, ज्याला आपल्या मराठी बायबलात ‘वल्हांडण’ म्हणतात. (काय सुंदर शब्द आहे! वल्हांडणे म्हणजे ओलांडणे, बायबलाबाहेर आता कुठे ऐकूही येत नाही.) म्हणजे सणाचं मूळ ज्यू, फक्त इंग्रजी नावाचं मूळ कदाचित पेगन.

---

+१. नाताळचंही सांगतो. शब्द पोर्तुगीज ‘नाताल’, मूळ लॅटिन ‘नातालिस’, जन्माचा दिवस. रोममध्ये 354 साली केलेली एक पंचांगवजा वही आहे, तिच्यातल्या सरकारी कॅलेंडरात 25 डिसेंबरपुढे ‘नातालिस इन्विक्ती’ म्हणजे अजिंक्याचा जन्मदिवस असं लिहिलंय. हा अजिंक्य म्हणजे सूर्य असं धरतात, ज्याचं रोममधलं देऊळ ऑरेलियन बादशहाने 274 मध्ये अर्पण केलं. आणि त्याच वहीत पुढे हुतात्म्यांच्या यादीत त्याच तारखेला ख्रिस्त बेथलेहेमात जन्मला असंही आहे! एकाच वहीत दोन्ही, मग कोणी कोणाचं उचललं? दुसरी उपपत्ती अशी की 25 मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले. मला स्वतःला वाटतं सूर्याची स्पर्धा डोक्यात असणार, पण छातीठोक सांगू नये.

अवांतर: आरंभीचे ख्रिस्ती ‘नातालिस’ शब्द हुतात्म्याच्या मृत्यूच्या दिवसाला वापरायचे, स्वर्गात जन्मला म्हणून. म्हणजे आपण पुण्यतिथी म्हणतो तो त्यांचा जन्मदिवस.

---

माझ्या आजोळी गोव्यात सगळे कॅथलिक, म्हणून हे लिहितेय. पोर्तुगीजमध्ये वारांना देवांची नावं नाहीत, शनिवार-रविवार सोडले तर नुसते नंबर, गुरुवार म्हणजे ‘किंता-फैरा’, पाचवा. याचं श्रेय सहाव्या शतकातल्या, पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या मार्टिन बिशपला देतात, त्याला मंगळ-बुध-गुरूची नावं घेणं म्हणजे सैतानाची नावं घेणं वाटायचं. त्याच्या त्या प्रवचनाचं नावच ‘खेडवळांच्या सुधारणेविषयी’ असं आहे, वर पागानुसबद्दल वाचलं आणि हेच आठवलं.

तर असे हे पोर्तुगीज गोव्यात आले, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आणलं, 1736 च्या फर्मानाने बाटलेल्यांना हिंदू रीतीभातींवर बंदी घातली, कपड्यांपासून लग्नातल्या रिवाजांपर्यंत. आणि माझी आजी, दर आयताराला मिसला जाणारी, गुरुवारला आयुष्यभर ‘बिरेस्तार’ म्हणाली. बिरेस्तार म्हणजे बृहस्पतवार! आयतार म्हणजे आदित्यवार. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘मगे कितें म्हणूं?’

म्हणून शब्दावरून श्रद्धा काढू नका. आजीचा बृहस्पतीशी काही संबंध नव्हता.

---

पण सगळंच नुसत्या शब्दांवर ढकलू नका राव. उचलाउचल झालीये आणि लेखी पुरावा आहे. पोप ग्रेगरीने 601 मध्ये इंग्लंडला धर्मप्रसाराला निघालेल्या मेलिटस नावाच्या मठाधिपतीला पत्र पाठवलं, की देवळं पाडू नका, मूर्ती तेवढ्या फोडा, पवित्र पाणी शिंपडा, आत वेदी मांडा, लोकांना बैल कापायची सवय आहे तर देवाच्या नावाने कापू दे, चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून जेवू दे. 609 मध्ये रोमचं पँथिऑन, म्हणजे जुन्या देवांचं देऊळ, चर्च झालं, मारिया आणि हुतात्म्यांचं. पोपची ‘पोंटिफेक्स’ ही पदवीही जुन्या रोमन पुरोहितांची, ज्युलियस सीझर स्वतः ‘पोंटिफेक्स मॅक्सिमस’ होता. इथे नाव, जागा, मांडव, सगळंच घेतलंय.

आणि लांब कशाला जाता, बांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरी चर्चला) जाऊन या सप्टेंबरात, जत्रेला. ‘माउली’ हा शब्द कुठून आला तिथे?

---

सगळ्यांचे आभार. ‘मूर्तिपूजक’ सगळीकडून काढला. जिथे साधं वर्णन आहे तिथे ‘जुन्या देवांना मानणारे’, आणि जिथे ख्रिस्ती लेखक हिणवून बोलतोय तिथे ‘पेगन’ तसाच ठेवलाय, पहिल्या वेळी गावंढळची गोष्ट टीपेत. ईस्टरच्या प्रकरणात लेखकाने इश्तारच लिहिलंय, त्याला मेल टाकलाय. उत्तर आलं की इथे डकवतो.