मदत हवी आहे: ७ वर्षांच्या मुलाचं सायनस, आधी अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) काढावेत की थेट दुर्बिणीचं ऑपरेशन?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बझारात राहतो. धाकट्याचं नाक नवरात्रापासून वाहतंय. घट्ट पिवळा शेंबूड, आडवा झाला की ओला खोकला, रात्रभर तोंड उघडं टाकून घोरणं. उत्तरायणात सगळी पोरं गच्चीवर आणि हा डोकं धरून खाली पडलेला, बघवत नव्हतं.

अँटिबायोटिक्स झाली, स्टिरॉइडचा स्प्रे चालू आहे. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने रोज नाक धुतो. आधी रडायचा, आता बेसिनवर वाकून, मान तिरपी करून स्वतःच बाटली दाबतो. एका नाकपुडीतून पाणी गेलं की दुसरीतून शेंबडाची तार लोंबते, तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं त्याला.

सीटी स्कॅनमध्ये गालांमागचे आणि डोळ्यांच्या मधले सायनस भरलेले आहेत, अ‍ॅडिनॉइडही मोठे. एक डॉक्टर म्हणतात, १२ आठवड्यांच्या वर गेलं, औषधाने हटत नाही, दुर्बिणीतून सायनसची तोंडं मोकळी करू. दुसऱ्या म्हणतात, या वयात आधी अ‍ॅडिनॉइड काढा, बऱ्याच मुलांना तेवढ्यावर आराम पडतो. मला हे पटतं, पण ह्यांचं म्हणणं, दोनदा भूल कशाला? शिवाय डोळा आणि सायनस यांच्यामधलं हाड कागदासारखं पातळ असतं हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. सासूबाईंना वेगळीच धास्ती, चेहऱ्याची वाढ खुंटेल का?

कोणाच्या मुलाचं झालंय का? दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर नाकातल्या खपल्या काढू देतात का मुलं? कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, आमच्या मुलीचं आधी अ‍ॅडिनॉइडचंच केलं आणि घोरणं गेलं. दुर्बिणीची वेळ आली नाही, त्यामुळे खपल्यांचं मला सांगता येणार नाही. चेहऱ्याच्या वाढीची भीती डुकराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून आली होती, ऑपरेशन झालेल्या मुलांमध्ये नंतर तसा फरक दिसला नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा. अ‍ॅलर्जीची तपासणी झाली का? ती राहिली तर ऑपरेशननंतरही नाक वाहतं. आणि नाकात पॉलिप (आतल्या अस्तराचे मऊ फुगवटे) दिसले असतील तर सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारासाठीची घामाची चाचणी करायची का, हे डॉक्टरांना विचाराच. तोवर डोळ्याभोवती सूज आली किंवा डोळा दुखू लागला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.