फाइव्ह, मग फिफ्टीन का?

डिचोलीचा शिक्षक
आठवीच्या वर्गासाठी विचारतोय. फाइव्ह-फिफ्टीन, वाइज-विज्डम, कीप-केप्ट, डिव्हाइन-डिव्हिनिटी. शब्द वाढला की स्वर पार बदलतो. आमच्या गावाच्या रोमन पाटीवर, पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगात, 'आय' हे अक्षर सरळ 'इ' वाचतात. इंग्रजीत त्याचा 'आइ' कसा झाला? मुलांना सांगता येईल असा एखादा नियम आहे का?

ऱ्हस्वदीर्घ
सर, एका नियमात बसवू नका. दोन द्या, आणि क्रम सोडू नका.

आधी ऱ्हस्वीकरण. मध्ययुगीन इंग्रजीत दीर्घ स्वरापुढे दोन व्यंजनं आली, किंवा शब्दात पुढे आणखी दोन अक्षरं (सिलेबल) वाढली, की तो स्वर ऱ्हस्व व्हायचा. मुलांना फूल-फुलाला, वीट-विटेला दाखवा, लगेच पटेल. (कारण तेच नाही, पण कानाला ओळख पटते.)

मग साधारण 1400 ते 1700 या काळात उरलेले दीर्घ स्वर वर सरकले, म्हणजे जीभ तोंडात आधीपेक्षा वर उचलून ते म्हटले जाऊ लागले. 'ए'चा 'ई', 'ओ'चा 'ऊ'. 'ई' आणि 'ऊ' आधीच सर्वांत वर होते, ते फुटून 'आइ' आणि 'आउ' झाले. ऱ्हस्व स्वर यात सापडले नाहीत.

'फिफ्टीन' फळ्यावर तोडून लिहा. तेव्हाचा उच्चार 'फिफ्टेन'च्या जवळचा. 'फि' आधीच ऱ्हस्व झाला होता म्हणून वाचला, 'टे' दीर्घ होता म्हणून त्याचा 'टी' झाला. सुटा 'फीव्ह' मात्र 'फाइव्ह' झाला. क्रम उलटा धरलात तर 'फि'मधला 'इ' कुठून आला हे सांगताच येणार नाही.

वायंगण
वरच्यात एक भर. खालच्या 'ओ'ने 'ऊ'ला ढकललं, की 'ऊ' आधी हलला आणि जागा रिकामी झाली? भाषाशास्त्रज्ञ कार्ल लुइक यांनी ब्रिटनच्या उत्तरेकडे बोट दाखवलं. तिथे 'ओ' आधीच जिभेच्या पुढच्या बाजूला सरकला होता, 'ऊ'ला ढकलायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून स्कॉट्समध्ये (स्कॉटलंडच्या बोलीत) आजही घराला 'हूस' म्हणतात, दक्षिणेत 'हाउस'. निदान 'ऊ'च्या बाबतीत मला ढकलण्याचीच बाजू पटते.

डिचोलीचा शिक्षक
चाइल्ड-चिल्ड्रन यातच घालू ना? आणि ओबीस-ओबीसिटी?

ऱ्हस्वदीर्घ
चिल्ड्रन वेगळा ठेवा. तिथे 'इ' मुळातच ऱ्हस्व होता. 'ल्ड'पुढे तो लांबला, पण मागोमाग 'र' आला तिथे लांबला नाही. ओबीसिटी अपवाद म्हणून पाठच करून घ्या, तसेच ग्रेट, ब्रेक, स्टेक: ते 'ई'पर्यंत पोचलेच नाहीत.