उ: कंट्रोल लाइन किट – बेलक्रँक आणि टिपचं वजन

वर विचारलंय की कंट्रोल लाइन विमानाच्या (हातातल्या दोन तारांवर आपल्याभोवती गोल उडवायचं मॉडेल विमान) उजव्या पंखाच्या टोकाला वजन का घालायचं, किटमधला तो शिशाचा तुकडा टाकून दिला तर चालेल का. नाही हो, घालाच! विमान घड्याळाच्या उलट फिरतं म्हणजे डावा पंख आपल्याकडे, त्या दोन तारांचं वजन त्याच बाजूला लोंबतं, ते बाहेरच्या पंखात भरून काढावं लागतं नाहीतर तारा सैल पडतात आणि तार सैल झाली की एलेव्हेटर (विमान वर-खाली नेणारी शेपटीची हलती पट्टी) आपल्या हातात राहत नाही.

दुसरं म्हणजे बेलक्रँक, तारांची ओढ एलेव्हेटरकडे नेणारा पंखातला फिरता तुकडा. पंख शीटने बंद करायच्या आधी तो बोटाने ढकलून बघा, कुठेही अडकता कामा नये, पुशरॉड (बेलक्रँकपासून एलेव्हेटरपर्यंतची सळई) वाकत असेल तर मध्ये एक गाइड द्या. बेलक्रँकचा बोल्ट प्लायवुडला नीट इपॉक्सीने बसवा, सगळा ताण तिथेच येतो.

आणि आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबर बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) दमट होऊन पीळ घेतो, त्यामुळे पंख सपाट बोर्डावर पिना मारूनच सुकवा, घाई नको. उडवायला सडा (कातळाचं उघडं पठार) मोकळा असतो पण वरून विजेच्या तारा जात नाहीत ना ते आधी बघा प्लीज.