बाळाला आईजवळच राहू द्या

ताई, सुनेला आठव्या महिन्यात करोना झालाय, मग बाळंतपणानंतर बाळ वेगळं ठेवायचं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको.

२०२१च्या मे महिन्यात माझ्या वहिनीचं बाळ पाच दिवस दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. दूध दाटून तिची छाती दगडासारखी झाली होती, आणि ती मोबाइलवर लेकीचं रडणं ऐकत बसायची. तशी गरज नव्हती, हे नंतर कळलं. जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती की आईनं मास्क लावावा, हात धुवावेत आणि अंगावर पाजावं. १८ देशांतल्या बायकांच्या 'इंटरकोविड' अभ्यासातही स्तनपानानं बाळाची लागण वाढल्याचं दिसलं नाही. पोटातून बाळाला लागण होते, पण क्वचितच.

खरी काळजी आईची घ्या. गरोदरपणात हा आजार जास्त बळावू शकतो. दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा आणि रक्तदाब वाढण्याचा धोकाही असतो, त्यात मधुमेह किंवा जास्त वजन असेल तर आणखी. करोनाच्या डेल्टा प्रकाराच्या लाटेत काही बायकांची वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, खराब होऊन बाळं पोटातच गेली. म्हणून बाळाची हालचाल कमी वाटली, धाप लागली किंवा ऑक्सिजन ९५च्या खाली गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आपल्याकडे गरोदर बायकांना लस २ जुलै २०२१ला खुली झाली. वहिनीला ती मिळालीच नव्हती. सुनेनं घेतली होती का?