पुस्तकाकडे ढकलणारे सिनेमे: तुमचे अनुभव सांगा

पानगळ
काल कपाट आवरताना तोलस्तोयचं 'इव्हान इलिचचा मृत्यू' हाती लागलं आणि आवराआवर तिथंच राहिली. एकदम आठवला कुरोसावाचा 'इकिरू' (१९५२). बाबांच्या शेजारी बसून पाहिला होता. जन्मभर कागदांवर शिक्के मारलेला साहेब, पोटाचा कॅन्सर आहे हे कळल्यावर मुलांसाठी एक बाग व्हावी म्हणून टेबलाटेबलांवर खेटे घालतो. शेवटी बर्फात झोपाळ्यावर बसून गाणं म्हणतो. बाबा त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. सिनेमा संपल्यावर काही बोलले नाहीत, उठून दिवा लावला फक्त. कुरोसावाला हे सगळं तोलस्तोयच्या याच पुस्तकावरून सुचलं, हे मला फार उशिरा कळलं.
वाचनाचं, तत्त्वज्ञानाचं वेड असणाऱ्यांनो, असं काही पाहिलं असेल तर लिहा. नुसत्या याद्या नकोत.

अर्धीरात्र
'द ट्युरिन हॉर्स', बेला तार, २०११. ट्युरिनमध्ये १८८९ साली चाबूक खाणाऱ्या घोड्याच्या गळ्यात जर्मन तत्त्ववेत्ता नीत्शे पडला, अशी आख्यायिका आहे ना, त्यातला घोडा पुढे कुठे गेला? बस, एवढाच प्रश्न. नीत्शे दिसतच नाही. वारा, बाप, लेक आणि उकडलेले बटाटे, जवळजवळ अडीच तास. नवरा मधेच डोकावून म्हणाला, "अजून बटाटाच चाललाय?" आता घरात काहीही लांबलं की आम्ही हेच म्हणतो.

चकवा
😂😂 मी विसाव्या मिनिटाला झोपलो होतो. उठलो तेव्हाही वाराच.

शाईचा डाग
फ्रेंच तत्त्ववेत्ता देरिदावरचा 'देरिदा' (२००२) माहितीपट पाहाच. घरातली पुस्तकं बघून विचारतात, ही सगळी वाचलीत? तो म्हणतो, चारच, पण अगदी नीट. हेच उत्तर मी सासूबाईंना देऊन पाहिलं. चाललं नाही.

उंबरठा_९
पानगळ, इकिरूचं एक राहिलं. नायक मरतो आणि सिनेमा चालूच राहतो! जमलेले सहकारी त्याचं श्रेय आपसात वाटून घेतात. मला तोच भाग जास्त लागला. कचेरीत काम केलेल्याला वेगळं सांगायला नको.

चष्मेवाली
थोडं विषयांतर. आईची नजर गेली होती तेव्हा 'चारुलता' मी तिला खालची अक्षरं वाचून दाखवत 'दाखवला'. चारू दुर्बिणीतून रस्ता बघते तिथे संवादच नाहीत, मी गप्प. आई म्हणाली, "आता काय करतेय ती?" काय सांगू, बघतेय म्हटलं. मग ज्यावरून तो सिनेमा केला ती रवींद्रनाथांची 'नष्टनीड' वाचून दाखवली. ते सोपं होतं.

पानगळ
चष्मेवाली, 🙏

चकवा
'एक्झामिन्ड लाइफ' (२००८) कुणीच कसं नाही सांगितलं? तत्त्ववेत्ते रस्त्यावर चालताना बोलतात. झिझेक तर चक्क कचऱ्याच्या ढिगात उभा राहून पर्यावरणावर. इस्त्री करता करता पाहिला, एक बाही करपली.

अर्धीरात्र
बाही कुणाची?

चकवा
बायकोची. म्हणून तर इतकं नीट लक्षात आहे.

उशिरा_आलेला
सगळं वाचलं नाही अजून, मुलाला आणायला निघालोय. 'पॅटरसन' झाला का सांगून? बस चालवणारा कवी, त्याची कवितांची वही कुत्रा फाडतो. आणि ते बटाट्यांचं काय चाललंय?