रोज तासभर स्वतःसाठी काढा म्हणे!

जुळेसोलापूरची_आई: काल ग्रुपवर पोस्ट आली. ऑटिझमच्या मुलांच्या आयांनी रोज एक तास सिद्धेश्वर तलावावर फिरावं, ताण पळून जातो. जाते की! त्या तासात अकरा वर्षांच्या लेकाला कुणाकडे सोडू, ते लिहायचं राहिलं वाटतं. कडक भाकरी मोडल्याचा आवाज त्याला सोसत नाही, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको गॅलरीत उभ्यानं जेवतो.

निवृत्त_गुरुजी: पोस्ट माझीच. माझा पुतण्याही तसाच आहे. वहिनी रोज देवळात जातात, एकदम शांत असतात.

जुळेसोलापूरची_आई: आणि तेव्हा पोराकडे कोण?

निवृत्त_गुरुजी: आजी.

जुळेसोलापूरची_आई: मग आजीला विचारा किती शांत आहे ते.

कायदा_वाचा: 2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 24 बघा, काळजीवाहू भत्ता आहे. सरकारच्या निरामय योजनेचा 1 लाखाचा आरोग्य विमाही आहे.

बाप_माणूस: भत्ता 'सरकारच्या ऐपतीनुसार' आहे, तेही वाचा. विमा पोराचा. माझ्या झोपेचा विमा कोण काढतंय? आणि ताण म्हणजे फक्त आईच का ओ? डीजे असला की मी पोराला स्कूटरवर घेऊन विजापूर रोडला चकरा मारतो. इंजिनाचा एकसुरी आवाज त्याला चालतो. एकदा रात्री साडेअकराला पेट्रोल संपलं. ढकलत आणली.

चादरवाला: आता सणवार बंद करायचे का तुमच्यासाठी?

बाप_माणूस: सण कोण म्हणालं? आवाज म्हणालो.

चादरवाला: कुणाच्या मिरवणुकीचा आवाज, नाव घे की!

पेठेतला: सगळ्यांच्याच. वर्षभर कुणाची तरी असतेच बे. आमच्या खिडकीची काच हादरून फुटली, वर्गणी मात्र पावतीसकट नेली.

चादरवाला: गड्डा यात्रेचं शोभेचं दारूकाम मग गोड लागतं व्हय?

पेठेतला: ते एक रात्र असतं. तुझं बारा महिने.

कायदा_वाचा: विषयावर या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे.

जुळेसोलापूरची_आई: केला होता. बाई चांगल्या बोलल्या, खोटं कशाला सांगू. पहिल्यांदा कुणीतरी 'तुम्ही जेवलात का' विचारलं. मग लेकानं फोन पाण्याच्या पिंपात टाकला.

चादरवाला: बरं, आमच्या गल्लीत दहाला बंद करायला सांगतो. तुमच्यासाठी नाही, माझ्या आईला बीपी आहे.

निवृत्त_गुरुजी: ठीक आहे बाई, जिंकलात. 'रोज' खोडतो, 'रविवारी' करतो. पोराला तासभर मी सांभाळतो, या फिरून.

जुळेसोलापूरची_आई: खरंच याल? पण या रविवारी आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस आहे. सोमवारी जमेल का?